तांब्यावरची काळी साय

ये गं बाय, अशी जवळ ये. ती खुर्ची ओढ आणि नीट बस, उठायच्या बेतात बसल्यासारखी नको. मला तुझ्याशी भांडायचंय. गेल्या वेळी आलीस तेव्हा चपलासुद्धा काढल्या नाहीस. उंबऱ्यात उभ्या उभ्या चहा प्यालीस, "मावशी, तुमच्याकडे आता बॅटऱ्या बनवतात म्हणे?" असं विचारलंस, आणि मी तोंड उघडेपर्यंत तुझी गाडी कशेळीच्या पुलावर! असं करतात का? प्रश्न विचारायचा आणि उत्तराला थांबायचं नाही, हे कुठलं वळण? तुझी आई, माझी धाकटी बहीण, अशी नव्हती हो. ती ऐकायला बसली की भाकऱ्या थंड होऊन जायच्या.

म्हणून यावेळी सगळं लिहूनच काढलंय. मी शाळेत फार गेले नाही हे तुला माहीत आहे. एस.टी.च्या पाट्या आणि दुकानांचे बोर्ड वाचत वाचत अक्षरं लागली, तेव्हा लिहिणंही बोलण्यासारखंच येतं. चालवून घे.

तर पहिलं म्हणजे, घरात नाही गं, गाळ्यात. आणि अख्खी बॅटरी नाही, बॅटरीच्या पोटातला एक पदर.

आमच्या सुनेला तू लग्नात पाहिलंस. शिकलेली आहे, केमिस्ट्रीतली. तिची कॉलेजची एक मैत्रीण आहे, भिवंडीतल्या जुन्या कोकणी मुसलमान घरातली. त्यांच्या घरी आज्यापासून कापड विणायचे लूम होते. पुढे लूम विकले गेले आणि कशेळीच्या बाजूचा एक गाळा रिकामा पडला. मैत्रिणीचे भाऊ म्हणत होते, पार्सलवाल्या कंपनीला भाड्याने देऊ. आता आमच्याकडे जिथे बघावं तिथे गोदामंच, त्यांचंही चूक नाही. पण मैत्रीण अडून बसली. म्हणाली, "भाईजान, मला आणि हिला पावसाळ्यापर्यंत द्या. जमलं तर जमलं, नाहीतर खुशाल तुमची पार्सलं भरा."

आणि या दोघी त्या गाळ्यात काळं दळायला लागल्या.

काळं म्हणजे, शिसपेन्सिलीच्या पोटात असतं ना, तसलं. पण मैद्याहून मऊ. ते पाण्यात कालवायचं, आणि त्याचे कण एकमेकांना धरून राहावेत म्हणून त्यात एक पांढरं दूध घालायचं. रबराच्या झाडाचा चीक कसा असतो, तसं ते दिसतं. मग तांब्याचा कागद घ्यायचा. हो, कागदच म्हणते मी. माझ्या पाण्याच्या हंड्याचं तांबं आणि हे तांबं एकाच जातीचं असेल असं वाटणार नाही तुला, फुंकर मारली तर उडतं. त्याच्यावर ते कालवण पसरायचं, तव्यावर घावन पसरतो तसं, आणि भट्टीतून सावकाश वाळवून काढायचं. वाळलं की तांब्यावर काळी साय धरते. ती साय बॅटरीत गुंडाळून जाते. वीज साठते ती त्या सायीत.

आता साय तांब्याला धरून राहिली पाहिजे की नको? सुटली, तर सुटलेला तुकडा मेला. वीज तिथवर जाणारच नाही. सून मला म्हणाली, "आई, सगळा खेळ चिकटण्याचा हाय."

आणि सायच चिकटत नव्हती.

पारखायची रीत अगदी सोपी. साध्या चिकटपट्टीचा तुकडा वाळलेल्या सायीवर दाबायचा आणि एका हिसक्यात, पण हात न थरथरवता, ओढायचा. पट्टी कोरी आली तर पास. काळी आली तर नापास. आमची पट्टी यायची ती डांबरात बुडवल्यासारखी. सून पट्टी उजेडाकडे धरायची आणि नवीन कालवण करायला घ्यायची. घरात जिकडेतिकडे काळं. उशीवर काळं, दुधाच्या पातेल्याला काळी बोटं. मी एकदा आरशात पाहिलं तर माझ्याच कपाळाला काजळाचा टिळा. दृष्ट न लागायची सोय आपोआप झालेली.

आता यात आमचे हे कुठून आले ते ऐक.

तुझ्या काकांचा जन्म सायझिंगमध्ये गेला. सूत लूमवर चढायच्या आधी त्याला खळ पाजावी लागते, नाहीतर ते तुटतं. पिठाची खळ, तापलेले रूळ, वाफ, आणि शेवटी मोठ्या बीमवर गुंडाळलेलं कडक सूत. तिथे यांनी केस पांढरे केले. निवृत्त झाल्यापासून घरी बसून कंटाळले होते. सुनेचं काम कळल्यावर यांच्या अंगात वारं शिरलं. "मी आख्खी भिवंडी चिकटवली, मला काय सांगता? खळ कमी पडतेय. दूध वाढव!"

सून म्हणाली, "बाबा, जास्त दूध चालत न्हाय."

"करून तर बघ."

तिने केलं बिचारीने, सासऱ्याचा शब्द म्हणून. आणि काय सांगू, चिकटलं! पट्टी ओढता ओढता पट्टीच फाटली. हे गाळ्यातून उठले ते थेट हलवायाकडे. जिलेबी आणली, शेजाऱ्यांना वाटली, मैत्रिणीच्या भावांना बोलावून तोंड गोड केलं. दुसऱ्या दिवशी सुनेने त्याच सायीचे नाण्याएवढे छोटे सेल बनवले. तर सेल मढ्यासारखे थंड. वीज आत जाईना, बाहेर येईना.

"असं कसं?" हे म्हणाले.

"बाबा, आपण भिंत चांगली बांधली," सून हसू दाबत म्हणाली, "पण दार ठेवायचंच राहिलं."

त्या दिवसापासून मैत्रीण जिलेबी बघितली की म्हणायची, "चाचा, आज कुणाचा सेल मेला?"

हसत होतो गं, पण आतून मला घोर होता. एका संध्याकाळी आम्ही दोघी मागच्या पडवीत जवळा निवडत बसलो होतो, तेव्हा सुनेने खाली मान घालूनच सांगितलं. दक्षिणेत कुठेतरी मोठा कारखाना आहे, तिथे तिला नोकरी मिळत होती. पडघ्याला इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या बनवणारे लोक आहेत, ते लवकरच नमुना बघायला येणार होते. त्यांना पसंत पडला तर गाळा राहील. "आणि न्हाय जमलं तर आई, मी जाते. त्यांचंही तिकडं जमेल."

'त्यांचं' म्हणजे माझ्या मुलाचं. तो वडप्याच्या गोदामात सुपरवायझर आहे. त्याला विचारलं तर म्हणाला, "गोदामं काय, सगळीकडं असतात."

मी म्हणाले, "जा की. शिकलीस ती काय जवळा निवडायला?" आणि उठून आत गेले. त्या रात्री कालवणात मीठ दोनदा पडलं. सगळ्यांनी मुकाट्याने खाल्लं. तुझ्या काकांनी तेवढं विचारलं, "खाडीचं पाणी घातलंस काय?"

तुला खरं सांगते, मला लेक नाही. ही आली तेव्हापासून घरात कुणीतरी मोठ्याने हसायला लागलं. म्हणून त्या काळ्या सायीने तांब्याला धरावं, असं मी देवाला रोज सांगत होते. देवालाही वाटलं असेल, ही बाई काय मागतेय!

सून आणि मैत्रीण पुन्हा पहिल्या मापावर आल्या. दूध बेताचं. तांब्याचा कागद आधी साफ पुसून घ्यायचा. कालवण गाळून घ्यायचं. आणि मजा अशी की जमायला लागलं. पण कधी? सकाळचा तुकडा चांगला यायचा, दुपारचा सोलून निघायचा. तेच माप, तीच भट्टी, त्याच दोघी. रोज सकाळी उड्या आणि रोज दुपारी तोंडं पाडलेली.

मग संशय सुरू झाले. मैत्रीण म्हणाली, खाडीवरून दुपारी दमट वारा येतो, त्याने होत असेल. मग खिडक्यांना प्लास्टिक. सून म्हणाली, रस्त्यावरच्या ट्रकांनी जमीन हादरते. मग मशीनखाली रबरी पट्टे. मी डबा घेऊन जायचे, तर माझ्यावरही संशय. "मावशी, तुम्ही सुकटीचा डबा आत उघडता, त्याच्या वासाने तर नाही?" मी म्हटलं, सुकटीच्या वासाने माणूस चिकटतो गं, सुटत नाही!

यांना त्या दोघींनी भट्टीजवळ खुर्ची टाकून दिली होती. जिलेबीच्या प्रकरणानंतर सुनेने बजावलं होतं, "बाबा, तुम्ही फक्त बसायचं आणि लक्ष ठेवायचं. काही घालायचं न्हाय, काही काढायचं न्हाय." आणि हे खरंच शहाण्या मुलासारखे बसायचे. दोघी जेवायला बाहेर ओट्यावर यायच्या तेव्हाही हे आत भट्टीशी. मी म्हणायचे, अवो, दोन घास खाऊन घ्या. तर म्हणायचे, "ड्युटीवर हाय."

अशात शेजारच्या घरी लग्न निघालं. आपल्या आगऱ्यांची हळद म्हणजे तुला ठाऊकच आहे, लग्न परवडलं. पण हळदीच्या आधी भिंतीवर तांदळाच्या पिठाचा चौक काढायला लागतो, त्याशिवाय लग्नाचे धवले गाणारी धवलारीण तोंडच उघडत नाही. चौकाचं काम गल्लीत अजून माझ्याकडेच येतं. हात थरथरत नाही ना माझा, म्हणून. त्यांचा बंगला नवा, भिंती गुळगुळीत. तरी नवरदेवाच्या आईने एका भिंतीवर आठवणीने गेरू सारवून ठेवला होता. मी जेवण उरकून दुपारी गेले, वाटीत पीठ कालवलं, काडीला कापूस गुंडाळला आणि बसले. सून हाताखाली होती. पडघ्याचे लोक दोन दिवसांवर आलेले, तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं, म्हणून मीच तिला ओढून नेली होती. म्हटलं, चल, थोडं पांढरंही बघ.

चौक छान उतरला. बाशिंग, पालखी, नवरा-नवरी, वर चंद्र-सूर्य. धवलारीण म्हातारी सुपारी कातरत बघत होती. म्हणाली, "नवरी जाडी केलीस."

"खात्यापित्या घरात येतेय," मी म्हटलं.

पाणी प्यायला म्हणून आम्ही आत गेलो. परत येऊन बघतो तर नवरदेवाची आई चौकाखाली पाट मांडतेय आणि तिच्या अंबाड्यावर पांढरं पांढरं पडतंय. चंद्र गळला. मग पालखीचा अर्धा दांडा गळला. ती वर बघते, तर सूर्य तिच्या नाकावर!

"अगो बाय! माझ्या पोराची पालखी!"

धवलारीण ओरडली, "कुनी केला ह्यो चाला?"

तुझे काका भिंतीशी उभे होते. फोटोवाल्याने मांडवात लावायला आणलेला मोठा दिवा, तो भगभग तापणारा, यांनी उचलून चौकाच्या उजव्या अंगाला आणून ठेवलेला. शिवाय पंखा. चेहऱ्यावर असा भाव, की जणू आत्ता यांना कुणीतरी शाबासकी देणार.

"ओला होता," हे म्हणाले. "पाहुणे यायच्या आत वाळवत होतो."

मी कपाळावर हात मारला. पण सून चौकाजवळ गेली. डाव्या अंगाला, जिथे दिव्याची धग पोचली नव्हती, तिथे नवरी जशीच्या तशी. तिने नखाने हळूच खरवडून पाहिलं, सुटेना. उजव्या अंगाला नुसता हात लावला तर पापुद्रा हातात. एकच भिंत, एकच वाटी, हातही माझाच. ती डावीकडे बघे, उजवीकडे बघे. मग सावकाश वळली.

"बाबा."

"काय?"

"गाळ्यातल्या भट्टीचं बटण... दुपारी आम्ही जेवायला बाहेर जातो तेव्हा..."

हे छताकडे बघायला लागले.

"बाबा!"

"थोडंसंच," हे म्हणाले. "एवढंसं. मग तू यायच्या आधी परत जागेवर."

"रोज?"

"अगं, ओलं दिसतं ना ते! आत ओलं पडून असतं आणि मी नुसता बघत बसू? सायझिंगला ओला बीम उतरला की बुरशी धरायची, मुकादम माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. ओलं दिसलं की हात शिवशिवतात माझे. तुझी घाई बघत होतो, म्हटलं पोरीचं काम लवकर उरकेल..."

मला वाटलं, आता ही रडणार की ओरडणार? इतक्या दिवसांचं खिडक्यांचं प्लास्टिक, ते रबरी पट्टे, माझा सुकटीचा डबा! हिने काय केलं ठाऊक आहे? समोर हळदीचं ताट होतं. दोन्ही हात भरून हळद घेतली आणि सासऱ्याच्या दोन्ही गालांना फासली. मग कपाळाला. मग टकलाला. आणि अशी हसायला लागली की भिंतीला टेकून खाली बसली.

सुनेने सासऱ्याला हळद लावलेली आमच्या गल्लीत कुणी बघितली नव्हती. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. धवलारीण म्हणाली, "झालं! आता ह्या म्हाताऱ्याचं पन लगीन लावा." आणि तिने तिथेच यांच्या नावाने धवला उचलला. हे पिवळेधम्मक, मध्ये उभे, लाजलेले. लग्नात इतके लाजले नव्हते.

मी पुन्हा बसून चंद्र-सूर्य काढले. यावेळी दिवा लांब, पंखा बंद, आणि हे माझ्या डोळ्यांसमोर, हात मांडीखाली घेऊन. सून शेजारी बसून सांगत होती, मला आणि त्यांनाही. "बाबा, वाळताना पाणी वर निघतं ना, ते सावकाश निघालं तर एकटं निघतं. लई तापवलं की घाईघाईत निघतं आणि जाताना दुधालाही ओढून वर नेतं. मग वर चिकट, आणि तळाशी, तांब्याजवळ, धरायला काहीच उरत न्हाय."

"म्हंजे वरून टणक आणि खालून मोकळं," हे म्हणाले.

"हां."

"हिच्या बापासारखं," माझ्याकडे बघून म्हणाले. जित्याची खोड, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी त्या दोघींनी गाळ्यात नवीन कालवण केलं. सुरुवातीला भट्टी कोमट, मग जरा गरम, आणि शेवटी पुरती तापवून ओलावा काढून टाकायचा. आमचे हे बाहेर ओट्यावर, मैत्रिणीच्या हुकमाने. "चाचा को कुर्सी से बांध दो, मावशी," ती आतून ओरडत होती. दुपारचा तुकडा निघाला. सून माझ्याकडे चिकटपट्टी घेऊन आली. "आई, तुम्ही ओढा. तुमचा हात स्थिर."

बाय, मी चौक काढताना कधी घाबरले नाही. पण ती पट्टी मात्र दाबली आणि डोळे मिटूनच ओढली.

"आई, डोळे उघडा."

पट्टी कोरी. काचेसारखी कोरी. तुकडा पेन्सिलीभोवती गुंडाळून पाहिला, तरी साय तडकली नाही. मैत्रिणीने मला उचलूनच घेतलं, या वयात, विचार कर. बाहेरून आवाज आला, "काय झालं? मी येऊ का आत?" आणि आम्ही तिघी एकदम ओरडलो, "न्हाय!"

पडघ्याचे साहेब आले तेव्हा त्या तुकड्यांचे सेल करून ठेवले होते, आणि ते जिवंत होते. साहेबांनी सेल तपासले, मग स्वतः पट्टी ओढली. एकदा, दोनदा, वेगवेगळ्या जागी. कोरी, कोरी. हे आता आत यायची परवानगी मिळून दाराशी उभे. तिसऱ्या पट्टीला कडेला तिळाएवढं काळं लागलं. साहेबांना दिसलं नसतं. पण आमचे हे! "साहेब, त्या टोकाला जरासं निघालंय बघा."

मला वाटलं, आता धरित्री फाटेल तर बरं. मैत्रिणीने जीभ चावली. साहेबांनी चष्मा वर करून पाहिलं आणि हसले. "बाबा, तुम्ही इथे तपासनीस आहात काय?"

"होतो," हे म्हणाले. "मला काढून टाकलंय."

साहेब म्हणाले, कडेला पसरणं जरा सुधारा, पण माल मला हवा, पुढच्या महिन्यापासून पाठवायला लागा. सुनेने माझा हात धरला, काळ्या बोटांनी. माझ्या हिरव्या लुगड्यावर अजून तो डाग आहे. मी धुतला नाही, मुद्दाम.

मैत्रिणीने तिथूनच भावाला फोन लावला. "भाईजान, पार्सलांना दुसरं घर शोधा." आणि घरी येऊन सून माझ्या मुलाला म्हणाली, "दक्षिणेत नको. इथलं जमलं." तो जेवत होता. म्हणाला, "बरं झालं, मला सांबार न्हाय आवडत." इतके दिवस हा एक शब्द नाही बोलला बघ! त्या दिवशी कालवणात मीठ एकदाच पडलं.

आता गाळ्यात आणखी दोघी कामाला आहेत, आपल्याच गल्लीतल्या. भट्टीच्या बटणावर सुनेने पत्र्याचं झाकण बसवून कुलूप लावलंय. किल्ली माझ्या कमरेला. यांना पट्टी ओढायचं काम दिलंय, कारण खोटं बोलायचं यांना येतच नाही, हे साहेबांसमोर सिद्ध झालं. सकाळी नऊला डबा घेऊन निघतात, पोरगं शाळेत जातं तसे. आणि घरी कुणी पाहुणा आला की खिशातून तुकडा काढून त्याच्यापुढे धरतात, "ओढ. अरे, ओढ ना!" व्याही आला तरी सुटका नाही, टपालवाला आला तरी नाही.

तुझ्यासाठीही एक तुकडा वेगळा ठेवलाय. मला रोज विचारतात, "ती उभ्या उभ्या चहा पिणारी कधी येतेय?" मी काय सांगू त्यांना? ये गं लवकर. या रविवारीच ये. चपला काढून, हातपाय धुऊन, पाटावर बसायच्या बेताने ये. जवळ्याची भाकरी करते, आणि जायचं नाव संध्याकाळपर्यंत काढायचं नाही.